गरज काय?

आमच्या घरात एक प्रश्न तीन पिढ्या वापरात आहे. पितळेच्या भांड्यासारखा तो रोज घासला जातो, पण झिजत नाही. ‘गरज काय?’ माझे वडील नव्या चपलांच्या बाबतीत तो विचारीत. सासूबाईंनी फ्रिजच्या बाबतीत विचारला. आणि मी तर बावीस वर्षे मिरजेच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आहे. बारा रंगांची पेटी चालत असताना कोणी चोवीस रंगांची घेऊन आला की हा प्रश्न माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडतो. मौज अशी की या प्रश्नाला उत्तर नको असते. ते मुळात एक ‘नाही’च असते; सभ्यपणासाठी त्याला शेवटी प्रश्नचिन्ह जोडलेले असते, इतकेच.

२०२३ सालच्या दत्तजयंतीला माझ्या मुलाने माझ्यापुढे एक कागद ठेवला. मुलगा वीस वर्षांचा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. कागदावर वाण्याच्या यादीसारखी यादी होती : प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, मेमरी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. खाली बेरीज ७२,०००. त्याला हे सगळे सुटे आणून स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जुळवायचा होता. आणि तोही लहान, टेबलाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा.

“अभ्यासाला का?” मी विचारले.

“नाही. खेळायला.”

मी क्षणभर गप्प बसले. माझ्या शाळेतल्या पालकांच्या घरी असे शेकडो कॉम्प्युटर ‘प्रोजेक्ट’च्या नावाने आलेले आहेत. मुले तसे सांगतात, आईबाप ते खरे मानल्यासारखे करतात, आणि दोन्हीकडची अब्रू राहते. माझ्या मुलाने मला ही सोय ठेवलीच नाही. तेव्हा मी घरातला तो जुना प्रश्न बाहेर काढला.

तो रागावला नाही. माझ्या टेबलावरच्या हस्तलिखिताकडे बघून त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, “आई, कादंबरीची काय गरज असते?”

वाचकांपैकी ज्यांनी कधी कादंबरी लिहिली असेल त्यांना हा घाव कुठे बसला ते कळेल. मी शिकलेली फारशी नाही. मॅट्रिक झाले, हल्ली ज्याला दहावी म्हणतात ती, आणि वर चित्रकला शिक्षिकेची पदविका. पण रात्री दहा ते बारा मी लिहीत आले आहे. तीन कादंबऱ्या छापून झाल्या. जी माणसे कधी जन्माला आली नाहीत त्यांच्या लग्नांची आणि मरणांची काळजी करण्यात मी आयुष्याची किती वर्षे घालवली, याचा हिशेब मांडला तर माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला असता. त्या वेळात शिकवण्या केल्या असत्या तर आज आम्हांला तिसरी खोली असती. मग मी खोट्या माणसांसाठी रात्र जाळली तर ती साहित्यसेवा, आणि मुलाने खोट्या माणसांसाठी रात्र जाळली तर तो उद्योग नसलेल्या पोराचा चाळा, हे कसे?

उत्तरे सुचली नाहीत असे नाही. कादंबरी वाचणाऱ्याला चित्रे आपल्या मनात काढावी लागतात. खेळात ती आयती समोर येतात. हे मी त्याला सांगितलेही. तो म्हणाला, “पण कादंबरीतल्या माणसानं कुठं वळायचं ते वाचणारा ठरवत नाही. खेळात मला ठरवावं लागतं, आणि चुकलो तर मरावं लागतं.” मला हे पटले असे नव्हे, पण खोडताही आले नाही. शिवाय आठवले ते वेगळेच. हाच मुलगा नववीपर्यंत दर दिवाळीला अंगणात किल्ला करी. लाल माती दूरच्या ओढ्यावरून आणायची, मोहरी पेरायची, मावळे रंगवायचे, दवाखान्यातून सलाईनची नळी मागून आणून किल्ल्यावरच्या तळ्यात कारंजे उडवायचे. चार दिवसांसाठी पंधरा दिवसांची राबणूक, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सगळ्याचा पुन्हा चिखल. त्या किल्ल्याची गरज काय, असे आमच्या घरात कोणीही, अगदी सासूबाईंनीही, एकदाही विचारले नव्हते.

इथपर्यंत गोष्ट तत्त्वाची होती. तत्त्वात हरत चाललेले माणूस काय करते? ते पैशावर येते. मी म्हणाले, “हे सगळं खरं. पण घरात पैसे कुठं आहेत?”

हे खोटे होते. माझ्या पोस्टाच्या खात्यात ५०,००० रुपये होते. ‘हे’ एस.टी.त कंडक्टर, त्यांच्या पगाराशी या पैशांचा संबंध नव्हता. दहावीच्या पेपरांची तपासणी, ग्रेड परीक्षांचे काम, असे चार वर्षांत साठवून मी ते चौथ्या कादंबरीच्या छपाईसाठी बाजूला ठेवले होते. मराठीत कादंबरी लिहिणे स्वस्त आहे. ती छापून निघणे तसे राहिलेले नाही. खर्चाचा काही भाग लेखकाने उचलावा असे ज्यांनी मला सुचवले त्यांचे नाव मी इथे घेत नाही. सांगायचे एवढेच, की मुलाच्या हौसेला मी ‘गरज काय’ म्हटले ते माझी हौस ‘पैसे नाहीत’ या शब्दांखाली झाकून ठेवून. आणि त्या रात्री मला झोपही चांगली लागली.

मुलाजवळ त्याचे स्वतःचे ३७,००० होते. दोन उन्हाळ्यांत एका केबलवाल्याकडे वायरी ओढून आणि आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. तो म्हणाला, “बरं. मे महिन्यापर्यंत बावन्न होतील. यादी बावन्नात बसवतो.” कागद घेऊन तो उठला.

आता तो लहान का, हे सांगितले पाहिजे, कारण माझे पुढचे बरेचसे विचार त्या लहानपणाभोवती फिरत राहिले. आमचे घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत एकच टेबल. त्यावर डाव्या अंगाला सासूबाईंचे शिलाई मशीन, मध्ये माझी लिहिण्याची जागा, उजवीकडे भिंतीपर्यंत उरलेली पट्टी. ती त्याने माझ्याच शाळेच्या फूटपट्टीने मोजली. टेबलाशेजारी सासूबाईंची कॉट. त्यांची झोप सावध. तेव्हा कॉम्प्युटर पट्टीत मावला पाहिजे आणि मुका असला पाहिजे, अशा त्याच्या दोन अटी.

या धंद्यात कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये मोजतात, हे मला तेव्हा कळले. दुकानांतून दिसणारे खेळांचे कॉम्प्युटर चाळीस-पन्नास लिटरांचे असतात. म्हणजे पंधरा किलो तेलाचे तीन डबे एकावर एक ठेवावेत एवढे. वीस लिटरांच्या आतले ते लहान, असे साधारण मानतात. आणि जगभर अशी माणसे आहेत की जी हा आकडा दहावर, सातवर आणण्यासाठी जीव टाकतात. जर्मनीतल्या एका हौशी माणसाने आखलेले सव्वासात लिटरांचे एक कॅबिनेट २०१६ साली लोकांनी आगाऊ पैसे भरून करवून घेतले. या सगळ्याच्या मुळाशी एक चौकोन आहे : १७० मिलिमीटर लांब, १७० मिलिमीटर रुंद. ‘मिनी-आयटीएक्स’ नावाच्या मदरबोर्डचे हे माप तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ साली ठरवले. त्याआधी १९९५ साली इंटेलने ठरवलेला मोठा बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा. तो अजूनही चालतो. मोठ्यावर पुढेमागे आणखी काही बसवायला जागा असते. लहानावर ग्राफिक्स कार्डाची एकच खाच, मेमरीच्या बहुधा दोनच. पुढच्या विचाराला तिथे जागा नाही. जे काय हवे ते आधी ठरवून यावे लागते.

मला हे ऐकून बरे वाटले. आपली दोन खोल्यांची राहणी या मुलाच्या अंगात उतरली, थोडक्यात भागवण्याचे वळण पडले, असे मनात आले, आणि शाळेत सुविचार लिहिण्याच्या फळ्यासाठी मी एक वाक्यही तयार केले. ते फळ्यावर गेले नाही, कारण त्याच संध्याकाळी मी किमती पाहिल्या. लहान मदरबोर्ड त्याच कामाच्या मोठ्या बोर्डापेक्षा चारएक हजारांनी महाग! पॉवर सप्लायचे तेच : लहान मापाचा, १२५ गुणिले ६३.५ गुणिले १०० मिलिमीटरचा, मोठ्याच्या जवळजवळ दीडपट किमतीला. म्हणजे कमी जागा घ्यायला अधिक पैसे. मी चक्रावले. आमच्याकडे लहानपण गरिबीतून येते. जागा नाही म्हणून भांडी एकात एक, माणसे एकाशेजारी एक. इथे लहानपण विकत मिळते आणि महाग मिळते! सांगलीत एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात मी एकदा गेले होते. वीस फूट भिंत, आणि तिच्यावर एकच लहानसे चित्र. त्या मोकळ्या भिंतीला जेवढे पैसे पडले असतील तेवढ्यात आमच्या आळीतली दोन घरे भरगच्च सजली असती.

तेव्हा लादलेले थोडके आणि निवडलेले थोडके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा मी निष्कर्ष काढला. पहिल्यात पुण्य नाही, कारण दुसरा मार्गच नसतो. दुसऱ्यातही फारसे नाही, कारण मागे भरल्या घराचा आधार असतो. माझ्या मुलाचे थोडके पहिल्या जातीचे आहे असे मी धरून चालले होते. ते धरून चालणे किती चुकीचे होते ते पुढे येईल.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर मी या कामात ओढली गेले ती पुठ्ठ्यामुळे. तो कागदावर मापे जुळवीत बसलेला मला पाहवेना. चित्रकलेच्या शिक्षिकेला माप म्हणजे डोळ्यांनी दिसले पाहिजे. मी शाळेतले पुठ्ठे आणले आणि आम्ही दोघांनी प्रत्येक भागाची खऱ्या मापाची प्रतिकृती केली. बोर्डाचा चौकोन, पॉवर सप्लायचा ठोकळा, कार्डाची लांबट वीट. त्याने पसंत केलेल्या दहा लिटरांच्या कॅबिनेटमध्ये मधोमध एक उभी पत्र्याची पाठ असते. तिच्या एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला पाठीला पाठ लावून ग्राफिक्स कार्ड. दोघांना जोडणारी एक चपटी केबल वळसा घेऊन जाते. ही पाठ थोडी सरकवता येते. पण एका बाजूला जागा दिली की तेवढीच दुसऱ्या बाजूची जाते. आमच्या दोन खोल्यांमधली लाकडी फळ्यांची भिंत आठवा, म्हणजे झाले.

प्रोसेसर थंड ठेवायला त्याने एक ऑस्ट्रियन बनावटीचा ३७ मिलिमीटर उंचीचा पंखा यादीत धरला होता, साडेचार हजारांचा. प्रोसेसरबरोबर कंपनी फुकट देते तो पंखा ५४ मिलिमीटर उंच. तो मावणार नाही असा त्याचा हिशेब. पुठ्ठ्याची पाठ मी दोन खुणा पलीकडे सरकवली, कार्डाची वीट परत बसवली. फुकटचा पंखा बसला. वर बोटभरही नाही, पण जागा उरली. साडेचार हजार वाचले! मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी त्याच्या बारावीनंतर पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात आमच्या आळीतले एक सतारमेकर काका पेपर न्यायला आले आणि हा पुठ्ठ्यांचा संसार बघत उभे राहिले. मिरजेच्या सतारीचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ सालीच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मी विनयाने म्हणाले, “काका, तुम्ही वाद्य घडवता. हा फक्त तयार भाग आणून जुळवणार.” मला वाटले, ते होकार देतील. ते म्हणाले, “आम्ही तरी काय करतो? भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड बाहेरचं, तारा बाहेरच्या. भोपळा हातात आला की तो सांगतो सतार केवढी व्हायची. आधी भोपळा, मग बाकीचं.” आणि पुठ्ठ्याच्या पेटीवर टिचकी मारून म्हणाले, “हा ह्याचा भोपळा.”

माझ्या मुलाच्या प्रोसेसरची चकती तैवानात झालेली, ग्राफिक्स कार्डाची दक्षिण कोरियात. त्यातले एकही यंत्र त्याला किंवा काकांना करता आले नसते. तरी ‘मी केले’ म्हणण्याचा हक्क कुठे सुरू होतो, हा प्रश्न काकांनी इतका सहज सोडवला की त्यावर मी विचार केलेली दोन पाने फाडून टाकली.

मे महिन्यात आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोड. रस्त्याचे खरे नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला तो लॉर्ड लॅमिंग्टन अजून लोकांच्या तोंडातून जायला तयार नाही. दुकाने उघडायच्या आत आम्ही पोचलो. मग चहा, आणि यादीची शंभरावी उजळणी. दुकानांबद्दल लिहिण्यासारखे खूप आहे, पण ते प्रवासवर्णन होईल. दुपारी एकपर्यंत ग्राफिक्स कार्ड सोडून सगळे घेऊन झाले. साठवणीची डिस्क त्याने अर्ध्या मापाची घेतली आणि त्यात आणखी दोन हजार वाचवले.

कार्ड जुने घ्यायचे होते. नवे २७,००० चे. जुने १३,५०० ला डोंबिवलीचा एक तरुण देणार होता. जुन्या कार्डांना एक इतिहास असतो. २०२१ च्या सुमारास लोक या कार्डांवर इथेरियम नावाचे आभासी चलन ‘खणत’. ती दिवसरात्र, महिनोन्‌महिने, बंद न करता राबवली जात. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धतच बदलली, खणण्याचे काम एका दिवसात संपले, आणि राबून थकलेली कार्डे बाजारात आली. त्यातली कितीतरी ‘घरी थोडेसे वापरलेले’ म्हणून विकली जातात. बाहेरून फरक कळत नाही.

डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाने दार उघडले, पाणी दिले, आणि कार्ड हातात द्यायच्या आधीच सांगितले, “हे दीड वर्ष मायनिंगला चाललंय. एका पंख्याचा आवाज येतो. चालवून बघा, मग ठरवा.” वीस मिनिटे त्याने ते पूर्ण जोरात चालवून दाखवले. पंखा खरेच घरघरत होता.

मला राहवले नाही. “हे ऐकून गिऱ्हाईक परत जात असेल.”

“दोन गेले.”

“मग सांगता कशाला? कळत तर नाही कोणाला.”

तो हसला. “काकू, पंखा बंद पडला तर हा मलाच फोन करणार ना!”

एवढेच. त्यात सत्यनिष्ठेचा आव नव्हता. फोन येईल तेव्हा आपल्याला बोलता आले पाहिजे, इतका साधा व्यवहार होता. पण परत येताना लोकलच्या गर्दीत ते कार्ड मांडीवर धरून मी बसले, आणि पोस्टाचे पासबुक माझ्या डोळ्यांपुढून जाईना. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या अनोळखी पोराने परक्याला जे सांगितले, ते मी माझ्या मुलाला पाच महिने सांगितले नव्हते. आणि माझ्याकडे तर त्याचा रोजच फोन यायचा होता.

रात्री गाडी कल्याणच्या पुढे गेल्यावर मी बोलले. खालच्या बर्थवर, पायाशी खोकी. “माझ्याजवळ पन्नास हजार होते. डिसेंबरातही होते. तू नवं कार्ड घेऊ शकला असतास.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“कसं?”

“जानेवारीत तुझं केवायसी मीच नाही का केलं? पासबुक मीच दिलं होतं काउंटरवर.”

डब्यातला दिवा कोणीतरी घालवला. मी विचारले, “मग मागितले का नाहीस?”

“ते कादंबरीचे आहेत.” आणि जरा वेळाने, “शिवाय मला बावन्नातच करायचा होता. त्यात मजा आहे.”

यातले कोणते कारण खरे? मी त्या रात्री आणि त्यानंतर पुष्कळदा याचा विचार केला आहे. आईवर दया करून त्याने हात आखडता घेतला आणि मग त्याला मजेचे नाव दिले, की मजा खरोखरीच होती आणि दया तिच्या आडोशाने आली? कदाचित त्यालाही सांगता येणार नाही. माझे लादलेल्या आणि निवडलेल्या थोडक्यावरचे सगळे तत्त्वज्ञान मात्र त्या अंधारात कोसळले. पाच महिने रोज डोळ्यांसमोर बघत असलेले एक थोडके मी लादलेले समजत होते. ते निवडलेले होते. आणि ते निवडता यावे एवढे घर त्याच्यामागे भरलेले नव्हते. आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली, ती लपवीत नाही : पाच महिने त्याने मला माझे खोटे बाळगू दिले. हा समजूतदारपणा, की मी केव्हा सांगते याची तो वाट बघत होता? मी विचारलेले नाही.

घरी आल्यावर शनिवारी जुळणी. जमिनीवर जुनी चादर. तो आधी दर वेळी पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवून घेई. प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ सुया. एक वाकली तर संपले. एका कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो आपोआप खाली बसू द्यायचा, दाबायचे नाही. मग वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट. दोन वाजता सुरू केलेले काम रात्री नऊला संपले. बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळा.

तो पांढराफटक पडला. तासभर शोधल्यावर कारण सापडले ते असे : कार्ड आणि बोर्ड चौथ्या पिढीच्या वेगाने बोलू पाहत होते, आणि मधली स्वस्तातली चपटी केबल तिसऱ्या पिढीची होती. बोर्डाला ‘हळू बोल’ असे सांगायला पडदा लागतो; आणि त्या प्रोसेसरला स्वतःचे चित्र काढता येत नसल्यामुळे पडद्यावर काही दिसायला कार्ड लागते! मोठ्या पेटीत ही अडचण आलीच नसती, कारण तिथे मधली केबलच नसते. लहान पेटीत सगळे उकलावे लागले. बोर्ड बाहेर काढला, कार्ड थेट त्याच्या खाचेत उभे केले, वेग उतरवला, आणि पुन्हा पहिल्यापासून जुळणी. मी बॅटरी धरून बसले होते. ‘हे’ रात्रपाळीवरून आले तेव्हा पहाटेचे पाऊण वाजले होते. चादरीवरचा पसारा बघून त्यांनी काही विचारले नाही, स्वतः चहा टाकला. एक वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर अक्षरे आली.

त्यानंतरचा आठवडा त्याने यंत्राला कमी देण्यात घालवला. हे मला सर्वांत नवल वाटले. चिप जी वीज खाते ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवले तर वीज जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी कमी होते. कारखान्यातून कार्ड १७० वॅटची भूक घेऊन येते. त्याने ती पायरीपायरीने १२५ वर आणली. सेकंदाला ६८ चित्रे दिसत होती, ती ६४ झाली. आणि उष्णता ८२ अंशांवरून ७१ वर आली. पंख्याचेही तसेच : वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट मिळतो, पण त्यासाठी वीज आठपट लागते. शेवटचे चार घास सर्वांत महाग! इथे मला पुन्हा फळ्यावरचे वाक्य सुचू लागले होते. पण तो म्हणाला, “आजीला झोप लागावी म्हणून करतोय गं,” आणि मी गप्प बसले. सव्वाशे वॅटचा खेळ हा काही अपरिग्रह नव्हे. उन्हाळ्यात ती सगळी वीज उष्णता होऊन आमच्याच खोलीत उतरते, हे टेबलाशेजारी बसणारीला विचारा.

माझे पन्नास हजार अजून खात्यात आहेत. हस्तलिखितही आहे. ते छापायला द्यावे की आणखी एकदा लिहून काढावे हे ठरलेले नाही. पूर्वी मी स्वतःला ‘गरज काय?’ असे कधी विचारीत नव्हते. आता विचारते, आणि उत्तर येत नाही तरी लिहायला बसते.

दहा वाजता मी टेबलाशी बसले की उजवीकडच्या पट्टीत ती पेटी असते, तेलाच्या डब्याहून लहान. घरघरणारा पंखा एक थेंब तेल घातल्यावर बराचसा निवला. तो कानांत बोळे घालून पुण्यातल्या एका संस्थेने २०२० साली काढलेला ‘राजी’ नावाचा खेळ खेळत असतो. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधत एक मुलगी जुन्या वाड्यांच्या भिंतींवरून उड्या मारत जाते. रंग पहाडी चित्रांची आठवण करून देणारे. मी लिहायचे सोडून मधूनमधून बघते. या खेळाला एवढ्या ताकदीचे यंत्र लागतही नाही, हे त्यानेच मला सांगितले.

परवा साडेदहाला मला वाटले सासूबाई झोपल्या. तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. त्या चष्मा लावून कुशीवर होत्या. किती वेळ, कोण जाणे.

“पडली का रे ती पुन्हा?”

“पडली, आजी.”

“अशी काय आंधळ्यासारखी उडी मारायला लावतोस तिला! डावीकडनं घे. भाऊबीज आली तोंडावर, भाऊ सापडायला हवा तिचा.”

त्याने कानांतले बोळे काढले आणि खुर्ची थोडी बाजूला घेतली, कॉटवरून नीट दिसावे म्हणून.